फायलीचा समुद्र

गावाचं नाव फायली.
हसू नका. ब्रॅडफर्डच्या कौन्सिलात
एकतीस वर्षं मी फायलीच उपसल्या,
आणि निवृत्त झाल्यावर पहिली सुट्टी
घालवायला आले ती इथे.

सकाळचे सात. ओहोटी.
वाळू इतकी सपाट, की रात्रभर
कुणी इस्त्री फिरवत बसलं असावं.
मॉरीन, वय एकाहत्तर, गळ्यात शिट्टी,
म्हणते, "खांदे सैल सोड, लव्ह."
इथे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात,
बसवाला म्हणतो, मासळीवाला म्हणतो.
पण खांदे सैल सोड
असं आजवर मला कुणी म्हटलं नव्हतं.

आम्ही नऊ जण.
कॉलिनचा उजवा गुडघा नवा, मार्चमध्ये बसवलेला.
नव्या जावयाची करून द्यावी
तशी त्याची ओळख करून देतो.
बेरिल आणि तिची बहीण
एकमेकींशी बोलत नाहीत,
पण शेजारीशेजारी वाकतात
आणि कण्हतात एकाच सुरात.
मी हेमांगिनी. "हेमा म्हटलं तरी चालेल,"
असं म्हणत इतकी वर्षं चाललेली.

मग ब्रिगच्या खडकापर्यंत काठ्या घेऊन चालणं.
आपल्याकडे हातात एक काठी आली
की म्हातारपण.
इथे दोन घ्यायच्या. मग तो व्यायाम.

आणि शेवटी पाणी.

मी सांगून टाकलं, मला पोहता येत नाही.
कऱ्हाडला, घाटावर,
दादा आणि चुलतभाऊ कमरेला
वाळका भोपळा बांधून उड्या टाकायचे.
मी वरच्या पायरीवर, त्यांच्या चपला राखत.
"आत काही नसतं गं त्याच्या," दादा ओरडायचा,
"म्हणून तरंगतो!"
तसं बघितलं तर माझ्याही पोटात
सकाळपासून काही नसायचं.
पण विचारलं नाही. चपला मोजल्या.
एकदा एक वाहून गेली,
तेव्हा मार मलाच.

मॉरीननं हे ऐकलं की नाही, कोण जाणे.
झोळीतून तिनं काहीतरी चपटं काढलं,
गाल फुगवून फुंकलं,
पट्टा माझ्या कमरेला आवळला.
केशरी. गोल. गुळगुळीत.
चौसष्टाव्या वर्षी, नॉर्थ सीच्या काठावर,
माझ्या कमरेला भोपळा!
"काय म्हणालीस, लव्ह?"
"पम्पकिन," मी म्हणाले.
तिला वाटलं, लाडानं तिलाच.
लाजली.

पाणी थंड नव्हतं.
थंड हा शब्द फ्रिजमधल्या ताकासाठी.
हे चावत होतं.
घोटा, पोटरी, मांडी,
मग एकदम बेंबी, आणि तोंडातून
जी शिवी सुटली ती अस्सल कऱ्हाडी,
आजोबा अडलेल्या बैलाला घालायचे ती.
बेरिलची बहीण म्हणाली, "अगदी बरोबर."
बेरिल हसली. नको असताना हसली.

"श्वास आधी सोड. घ्यायचं नंतर बघू."
मी पाय उचलले की उचलले गेले,
सांगता येणार नाही.
वर करडं आभाळ,
पंख न हलवता लटकलेला एक कुरव.
कान पाण्यात, आणि आत
माझंच रक्त, लांब कुठल्याशा घरात
कुणी जातं ओढत असावं तसं.
दहा सेकंद. बारा असतील.
फार फार तर पंधरा.

बाहेर आले तर दात वाजतायत,
पायांचा रंग बिटाचा.
कॉलिनला डॉक्टरनं पाणी मना केलेलं,
म्हणून तो वाळूवर बसून होता
आमचे सगळ्यांचे बूट राखत.
माझा डावा चिंब.
"लाट आली एक," तो ओशाळून म्हणाला,
"लक्ष होतं माझं, खरंच,
पण तू तरंगायला लागलीस
आणि मी तिकडेच बघत राहिलो."

मी काही बोलले नाही.
ओला बूट तसाच चढवला
आणि चहाच्या टपरीपर्यंत गेले,
पचक, पचक, पचक.